रोहिल्याचे ऋण

२१ ऑक्टोबर ही तारीख चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत दोन कारणांनी पाळली जाते. चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहाच्या आवारात एक पिंपळ आहे. १८५८ साली याच तारखेला मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, त्या पिंपळापाशी फाशी दिले. वय पंचवीस. दरवर्षी त्या दिवशी गोंड समाजातली माणसे लांबून तिथे येतात, फुले वाहतात, भाषणे होतात. त्याच दिवशी सकाळी दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस मुख्यालयांत मानवंदना होते. लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज इथे २१ ऑक्टोबर १९५९ रोजी चिनी सैनिकांच्या गोळीबारात दहा पोलीस मारले गेले, त्यांची आठवण म्हणून हा पोलीस स्मृतिदिन देशभर पाळतात, आणि गडचिरोलीत तो फार जड जातो, कारण इथे वाचायच्या नावांची यादी मोठी आहे. सत्तेने फासावर दिलेला बंडखोर आणि सत्तेच्या हुकुमाने मेलेला शिपाई, दोघांचेही स्मरण एकाच दिवशी करणारा हा मुलूख आहे. त्यात मला विसंगती वाटत नाही. पण या दोन्ही स्मरणांतून एक तिसरा माणूस सुटला आहे. बाबुरावांच्या बाजूने हत्यार उचलून लढलेला, पण गोंड नसलेला, या जंगलात न जन्मलेला, इथल्या कुठल्याच देवाचा नसलेला रोहिला. परमुलखातून आलेल्या या शिपायाच्या मरणावर हक्क कोणाचा आणि त्याचे देणे कोणावर, हा प्रश्न इतिहासाइतकाच धर्माचा आहे, आणि इथे तो धर्माच्या अंगाने तपासायचा आहे.

आधी प्रसंग नीट मांडला पाहिजे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये वारस नसल्याच्या सबबीवर खालसा झाले आणि त्याबरोबर चांदाही इंग्रजांकडे गेला. म्हणजे बाबुराव उठले तेव्हा इंग्रजी अंमल इथे जेमतेम चार वर्षांचा होता. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगण्यावर ताबा मिळवला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने पाठवलेल्या फौजेशी नांदगाव घोसरीजवळ लढाई झाली आणि ती फौज हटली. अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिलअखेर प्राणहितेच्या काठी चिंचगुडीला तारखात्याच्या तळावर हल्ला झाला, त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. पुढे अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या माणसांनी बाबुरावांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले. १९०९ च्या चांदा जिल्हा गॅझेटियरात हे प्रकरण थोडक्यात येते, आणि तिथे बाबुरावांची फौज गोंड आणि रोहिले अशी मिश्र असल्याचे स्पष्ट नोंदलेले आहे. पुढच्या काळात लिहिल्या-बोलल्या गेलेल्या चरित्रांत गोंड तरुण आहेत, बाबुरावांनी उभारलेले जंगोम दल आहे, पण रोहिले एका ओळीत येतात आणि पुढच्या ओळीत नाहीसे होतात. भारतीय टपाल खात्याने २००९ साली बाबुरावांचे तिकीट काढले, ते योग्यच झाले. त्यांच्या शेजारी उभे राहिलेल्यांचा विचार मात्र तिथून पुढे गेला नाही.

हे रोहिले आले कुठून? मुळात अफगाण मुलखातून येऊन गंगेच्या उत्तरेला, ज्याला पुढे रोहिलखंड म्हणू लागले त्या प्रदेशात स्थायिक झालेले हे पठाण. १७७४ साली अवधचा नवाब आणि इंग्रज यांनी मिळून त्यांचे राज्य मोडले, त्यांचा सरदार हाफिज रहमत खान लढाईत पडला, आणि हत्याराशिवाय दुसरा धंदा न येणारी असंख्य माणसे देशोधडीला लागली. त्यातले पुष्कळ निजामाच्या मुलखात आले. तिथे कोणी जमीनदाराच्या पदरी राहिला, कोणी सावकाराच्या वसुलीला, कोणी नुसताच बेकार. हैदराबादेत १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाझ खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या पाठोपाठ इंग्रज रेसिडेन्सीवर चालून गेले त्यांत मोठा भरणा रोहिल्यांचाच होता. तिकडे निर्मळ भागात रामजी गोंडाच्या बंडातही गोंडांबरोबर रोहिले होते असे तिथली परंपरा सांगते. म्हणजे प्राणहिता आणि गोदावरीच्या दोन्ही काठांवर त्या काळात गोंड आणि रोहिले एका बाजूला उभे राहिले. हा निव्वळ योगायोग नव्हे. एकाची जमीन आणि जंगल नव्या अंमलाने ताब्यात घेतले होते, दुसऱ्याचे घर त्याच अंमलाने दोन पिढ्यांपूर्वी मोडले होते. रोहिल्याला हा हिशेब मनात मांडता येत असेल की नाही, यावर वाद घालता येईल. पण त्याला इंग्रजाशी वैर असायला गोंडाकडून उसने कारण घ्यावे लागत नव्हते, एवढे निश्चित.

माझे म्हणणे असे आहे. जो एखाद्या समूहाच्या लढ्यात जीव पणाला लावतो, त्याचे ऋण त्या लढ्याचा वारसा सांगणाऱ्या प्रत्येकावर चढते. तो कुठे जन्मला, त्याने पगार घेतला का, त्याने कोणत्या देवाचे नाव घेत प्राण सोडला, यांवर ते ऋण अवलंबून नसते. मात्र ऋण आणि गौरव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऋण घडलेल्या गोष्टीतून आपोआप येते, गौरव पारखून द्यावा लागतो. आपण या दोन्हींची सरमिसळ करतो आणि म्हणून ज्याचा गौरव करायला मन कचरते, त्याचे ऋणही नाकारून मोकळे होतो. ऋणाची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. माणूस जन्मतः देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो असे वैदिक परंपरा मानते, आणि शतपथ ब्राह्मणात याला चौथे ऋण जोडलेले आहे: माणसांचे. हे चौथे ऋण मला नेहमी सर्वांत महत्त्वाचे वाटत आले आहे, कारण त्यात नात्याची अट नाही. पितृऋण रक्ताचे आहे, ऋषिऋण विद्येचे आहे, पण माणसांचे ऋण दाराशी आलेल्या परक्याचेही आहे. त्याला अन्न आणि आसरा देऊन ते फेडायचे. मग आसऱ्याला आलेल्या परक्याने आपल्यासाठी प्राण दिले तर ते ऋण कमी होईल की वाढेल?

पहिला आणि सर्वांत जोरदार आक्षेप पगाराचा. रोहिला भाडोत्री होता. त्याने पैसे घेतले, लढला, मेला. व्यवहार पुरा झाला. त्याचे कसले ऋण? या आक्षेपाला मोठ्या नावाचा आधारही आहे. कौटिल्याने सैन्याचे सहा प्रकार सांगितले. पिढीजात सैन्य सर्वांत वर, त्याखाली पगारी, मग श्रेणींचे, मित्राचे, शत्रूकडून आलेले, आणि सर्वांत शेवटी आटविक, म्हणजे जंगलातल्या लोकांचे. शेवटच्या दोघांबद्दल तो म्हणतो की त्यांचा डोळा लुटीवर असतो. इथे थोडे थांबण्यासारखे आहे. बाबुरावांची फौज कौटिल्याच्या या यादीवर धरली, तर तीत पगारी आणि आटविक असे दोनच वर्ग दिसतात. जो शास्त्राधार रोहिल्याला खालच्या पायरीवर बसवतो, तोच गोंडाला त्याच्याही खाली बसवतो. गोंडाच्या बाबतीत हा निवाडा आज कोणी मानणार नाही, आणि मानू नये. मग त्याच तराजूचे एक पारडे फेकून दिल्यावर दुसरे का जपायचे? कौटिल्य राजाच्या सोयीचा हिशेब मांडत होता: कोणावर किती विसंबावे. मेलेल्याचे काय देणे लागतो हा त्याचा प्रश्नच नव्हता.

पगाराच्या प्रश्नाला खरे उत्तर महाभारतात आहे. युद्ध सुरू होण्यापूर्वी युधिष्ठिर शस्त्र खाली ठेवून चालत भीष्माकडे जातो, तसाच द्रोण, कृप आणि शल्य यांच्याकडे जातो. चौघेही त्याला जवळपास एकच गोष्ट सांगतात: माणूस अर्थाचा दास असतो, आणि कौरवांनी अर्थाने मला बांधले आहे. हे बोलणारा भीष्म आहे, ज्याच्या हातात एकेकाळी राज्यच होते आणि त्याने ते सोडले. महाभारतकाराने ही कबुली अगदी मोक्याच्या जागी, पहिला बाण सुटण्याआधी ठेवली आहे. त्या कबुलीनंतर भीष्माचे मरण हलके होत नाही. युधिष्ठिर त्याच भीष्माच्या शरशय्येपाशी बसून राजधर्म ऐकतो. याचा अर्थ एवढाच की अन्नाचे बंधन हे बंधन आहे, आणि त्या बंधनात राहूनही माणूस काय करतो याला स्वतंत्र किंमत आहे. पगार माणसाला रणांगणापर्यंत आणतो. गोळी समोरून येऊ लागल्यावर तिथे उभे राहायचे की पळायचे, हे पगार ठरवत नाही, कारण मेल्यावर पगार मिळत नाही. आणि पगार घेतला म्हणून ऋण उरत नसेल, तर १ फेब्रुवारी २००९ ला मरकेगावला मारल्या गेलेल्या पंधरा पोलिसांचे, त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला लाहेरीत पडलेल्या सतरा जणांचे ऋणही उरत नाही असे म्हणावे लागेल. तेही महिन्याच्या पगारावर होते, मागे घरे होती, बहुधा कर्जेही होती. त्यांच्या बाबतीत आपण असे म्हणत नाही. मग रोहिल्याच्या बाबतीत म्हणताना अडचण पगाराची नसून जन्माची आहे, हे तरी मान्य करावे.

तर जन्माचा आक्षेप घेऊ. त्याचे स्वरूप असे: मातीत जन्मलेला मातीसाठी मरतो, परका कधीही पाठ फिरवील, निष्ठा रक्तातून येते. या समजुतीला १८५८ चे हे प्रकरणच उत्तर देते. बाबुरावांना पकडून देणारी जमीनदारी अहेरीची, आणि ती गोंड. लक्ष्मीबाईंना दोष देण्याचा माझा हेतू नाही. नव्या सत्तेपुढे जमीनदारी टिकवण्याची त्यांची अडचण खरी होती, आणि आज दीडशे वर्षांनी निवांत बसून त्यांचा निवाडा करणे सोपे आहे. पण रक्त आणि निष्ठा यांची गाठ निसर्गाने बांधलेली नाही, एवढे त्यातून सिद्ध होते. मराठी माणसाला याचे दुसरे उदाहरण शोधायला नको. पानिपतावर इब्राहिमखान गारदी भाऊसाहेबांच्या बाजूने लढला, समोर त्याच्याच धर्माचे सैन्य होते, आणि पराभवानंतर अब्दालीच्या छावणीत त्याला ठार मारले गेले. नागपुरात १८१७ च्या डिसेंबरात आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाले, तरी त्यांच्या पदरच्या अरबांनी शहर सोडायला नकार दिला, इंग्रजांचा हल्ला परतवला आणि अटी ठरल्यावरच ते बाहेर पडले. राजा शरण गेला आणि परका शिपाई लढत राहिला, ही गोष्ट विदर्भाच्या इतिहासात घडलेली आहे.

शिवाय परका कोण हे ठरवणारी रेघ तरी कुठे स्थिर असते? सिरोंचा आज गडचिरोली जिल्ह्याचा दक्षिणेकडचा तालुका आहे, पण १८५८ मध्ये तो निजामाच्या राज्यात होता. इंग्रजांकडे आला १८६० साली. म्हणजे बाबुरावांच्या फौजेत सिरोंच्याचा एखादा गोंड असेल, तर त्या घटकेला तो परराज्यातला होता, आणि हैदराबादेहून आलेला रोहिला त्याच राज्याचा प्रजाजन होता. गडचिरोली हा जिल्हाच मुळी २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. प्रशासनाच्या रेघा सरकतात त्याबरोबर एखाद्याच्या मरणाची किंमत बदलत असेल, तर ती किंमत मरणाची नव्हेच. भारताने ही गोष्ट व्यवहारात कधीच मान्य केली आहे. १९४७ च्या त्रिपक्षीय करारानुसार नेपाळचे नागरिक आपल्या गोरखा पलटणींत भरती होत आले आणि प्रत्येक युद्धात मेले. ऑगस्ट २०२० मध्ये पँगाँग सरोवराजवळ जुन्या भूसुरुंगाच्या स्फोटात न्यिमा तेनझिन हा स्पेशल फ्रंटियर फोर्सचा तिबेटी जवान मेला. त्याच्या पेटीवर तिरंगा आणि तिबेटचा ध्वज असे दोन्ही होते. गडचिरोलीच्या उत्तरेला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, त्यामुळे हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही. दोन ध्वजांत कोणाला काही वावगे वाटले नाही. ज्या भूमीसाठी माणूस मरतो आणि जी भूमी तो मनात बाळगतो, त्या दोन असू शकतात.

आता या म्हणण्यातला सगळ्यांत अवघड भाग, चिंचगुडीचा. गार्टलँड आणि हॉल हे सैनिक नव्हते. तारा टाकण्याच्या कामावरची माणसे होती ती, आणि तीही परमुलखातूनच आलेली. बाबुराव आणि व्यंकटराव यांच्या माणसांनी त्यांना मारले. तार हे साम्राज्याचे हत्यार होते हे खरे. १८५७ मध्ये तारेने इंग्रजांना वाचवले असे इंग्रजच म्हणत असत. पण तारेचा खांब उपटणे वेगळे आणि खांब रोवणाऱ्याला मारणे वेगळे. इथे ऋण आणि गौरव यांतला फरक कामाला येतो. बाबुरावांच्या लढ्याचा वारसा सांगणाऱ्यावर त्यांच्या सगळ्या फौजेचे ऋण आहे, त्यात चिंचगुडीला गेलेल्यांचेही. पण त्या ऋणाची फेड त्या रात्रीवर पांघरूण घालून होत नाही. उलट, ज्याचे आपण देणे लागतो त्याच्याबद्दल खरे बोलण्याची जबाबदारी अधिक असते. बापाच्या कर्जाबरोबर बापाने केलेला अन्यायही वारसाकडे येतो आणि तोही निस्तरावा लागतो. गौरवासाठी मी दोन कसोट्या लावीन. आपण कशासाठी लढतो आहोत हे त्या माणसाला निदान अंधुकसे ठाऊक असावे, आणि निःशस्त्र माणसावर त्याचे हत्यार चालू नये. या कसोट्यांवर कोणी पूर्ण उतरेल, कोणी अर्धा, कोणी मुळीच नाही. त्या लावताना गोंडाला एक माप आणि रोहिल्याला दुसरे असे मात्र करता येणार नाही. लूटमार झाली की ती रोहिल्यांनी केली आणि शौर्य घडले की ते आपल्यांनी केले, ही वाटणी इतिहासाची नाही, सोयीची आहे.

यावर कोणी विचारील, आणि विचारावेच, की मग याच न्यायाने नक्षल्यांचेही ऋण मानायचे का? १९८० साली आंध्रातून प्राणहिता ओलांडून पहिली पथके सिरोंच्याच्या बाजूला आली. त्यांतला पेद्दी शंकर हा पलीकडच्या कोळसापट्ट्यातला तरुण त्याच वर्षी नोव्हेंबरात पोलिसांच्या गोळीने मेला. माओवादी त्याला दंडकारण्यातला आपला पहिला हुतात्मा मानतात. तोही परमुलखातून आलेला, तोही इथल्या आदिवासींसाठी लढतो असे म्हणणारा. तेंदूपत्त्याच्या तोडीला आणि बांबूच्या कटाईला मिळणारी कवडीमोल मजुरी, वनरक्षकाची दांडगाई, हे त्या वेळचे वास्तव होते आणि ते बदलण्यात या पथकांचा दबाव कारणी लागला, हे नाकारण्यात अर्थ नाही. तेवढ्यापुरते ज्यांना त्याचे ऋण वाटते त्यांना ते वाटू द्यावे; कोणाला कृतज्ञता वाटावी यावर पहारा बसवता येत नाही. पण माझ्या दुसऱ्या कसोटीवर ही चळवळ पार कोसळते. खबरी ठरवून गावकऱ्यांना घरातून ओढून नेऊन मारण्याचे प्रकार इथे वर्षानुवर्षे झाले, आणि मारले गेलेले बहुतेक आदिवासीच होते. ज्यांच्यासाठी लढायचे त्यांनाच निःशस्त्र गाठून मारणाऱ्याचा गौरव होऊ शकत नाही. त्याच्या आईने रडावे, त्याच्या गावाने त्याला मूठमाती द्यावी, यावर मात्र कोणाची हरकत असू नये. मृतदेहाशी वैर धरणे कोणत्याच धर्माने शिकवलेले नाही.

दुसरा प्रश्न याहून बारीक आहे, आणि तो जंगलाच्या आतून येतो. बाहेरच्या शिपायाला आम्ही बोलावले नव्हते; न मागितलेल्या रक्षणाचे ऋण आमच्यावर का? २७ मार्च २०१२ रोजी धानोरा तालुक्यात पुस्टोल्याजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाची बस भूसुरुंगाने उडवली गेली आणि बारा जवान मेले. वेगवेगळ्या राज्यांतली ही माणसे. शवपेट्या त्यांच्या त्यांच्या गावी गेल्या. ज्या रस्त्यावर ते मेले त्या रस्त्यावरच्या गावांना त्यांची नावेही ठाऊक नसणार, आणि एखाद्या गावात त्याच दलाच्या झडतीची, धाकदपटशाची कडू आठवण असेल. त्या गावकऱ्याला ऋणाचा उपदेश करायला मी धजणार नाही. पण इथे ऋणको चुकीचा धरला जातो. तो जवान पुस्टोल्याच्या आदिवासीने पाठवला नव्हता. त्याला पाठवणारे नागपूर, मुंबई, दिल्लीत आहेत. ज्यांच्या मतांवर सरकारे चालतात, ज्यांना तो नकाशावरचा हिरवा भाग कधी पाहावा लागला नाही, त्या सगळ्यांनी त्याला तिथे उभे केले. ऋण आधी त्यांचे. १८५८ मध्येही हेच. रोहिल्याला बोलावले ते जमीनदारांनी, आणि त्याने ज्या उठावात जीव घातला त्या उठावाचा अभिमान आज आपण सगळे बाळगतो. अभिमानाचा वाटा घेणाऱ्याने देण्याचाही वाटा उचलावा, यात सक्ती कसली? आणि ऋण मान्य केले म्हणून तक्रार संपत नाही. जवानाचे देणे लागणारा माणूस त्याच जवानाच्या तुकडीने केलेल्या अन्यायाची दाद मागू शकतो. दोन्ही गोष्टी एका तोंडाने बोलता आल्या पाहिजेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शरण आला. ही लढाई आता सरत आली असेल, तर हा हिशेब मांडण्याचे दिवस हेच आहेत. बंदुका चालू असताना तो कोणी ऐकून घेत नव्हता.

धर्माच्या आचाराकडे पाहिले, तर तिथे या परक्याला जागा आहे असेच दिसते. पितृपक्षातली चतुर्दशी शस्त्राने मेलेल्यांसाठी राखलेली आहे. तर्पणात आपल्या कुळाची नावे संपल्यावर ज्यांना कोणी नाही, ज्यांचा वंश उरला नाही, जे नात्यातले नव्हतेच, अशांसाठीही पाणी सोडले जाते. ते सोडणाऱ्या बहुतेकांना आपण काय केले याचा पत्ता नसतो, पण परंपरेने ही सोय मुद्दाम केलेली आहे. इस्लाममध्ये कर्माची किंमत नियतीवर, म्हणजे हेतूवर ठरते, आणि हेतू फक्त ईश्वर जाणतो. त्यामुळे हा शिपाई शहीद ठरला की नाही याचा निकाल माणसाच्या हातात ठेवलेलाच नाही, आणि भाडोत्री म्हणून त्याला नापास करण्याचा अधिकारही माणसाकडे उरत नाही. गोंडांची मांडणी मात्र वेगळी आहे आणि तीच मला सर्वांत विचार करायला लावते. तिथे मृत हा कुळाचा असतो. चार, पाच, सहा, सात देवांच्या सगांत, म्हणजे कुळगटांत, विभागलेल्या समाजात मेलेल्याला त्याच्या कुळाच्या पेनाशी, म्हणजे देवाशी, जोडायचे असते. भामरागडच्या बाजूला माडिया गावांच्या कडेला मृतांचे उभे दगड दिसतात, ते याच नात्याची खूण आहेत. ज्याला सगा नाही त्याला तिथे जोडणार कोणाशी? कोणी म्हणेल, इथे तुमचा युक्तिवाद थांबतो, कारण बाबुरावांचा समाजच रोहिल्याला आपल्या मृतांत घेऊ शकत नाही. मला ते तसे वाटत नाही. मृताला कुळाकडे पोचवलेच पाहिजे, तो वाटेत राहता कामा नये, ही त्या आचारामागची कळकळ आहे. ज्याचे कुळ दूर आहे त्याच्याबाबतीत ती कळकळ अधिक लागू पडते.

शेवटी नावांचा मुद्दा राहतो. नाव नाही, गाव नाही, मग स्मरण कोणाचे करायचे? आणि मुसलमान शिपायाच्या नावाने तिलांजली देणे किंवा दगड उभारणे हे त्याच्यावर आपला विधी लादणे होणार नाही का? होईल, आणि म्हणून ते करू नये. त्याच्यासाठी फातिहा पढायचा तो त्याच्या धर्माच्या माणसांनी. चंद्रपुरात आणि बल्लारपुरात तो पढणारे आहेत, आणि १८५८ मध्ये आपलेही कोणी या मातीत लढले हे त्यांनाही कोणी सांगितलेले नाही. बाकीच्यांच्या वाट्याला येते ते काम साधे आहे आणि विधीचे नाही. बाबुरावांचे चरित्र शाळेत शिकवताना, त्यांच्या स्मरणाच्या सभेत बोलताना, फलक लिहिताना त्यांच्या फौजेचे वर्णन गोंड आणि रोहिले असे पूर्ण करायचे. ते रोहिले पोटासाठी आले होते हे लिहायचे, ते लढले हे लिहायचे, आणि चिंचगुडीला काय झाले तेही त्याच पानावर लिहायचे.